चुंगी नाक्यापलीकडे

(वरुड तालुक्यातील एका सार्वजनिक वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार. मला निरोप आला होता की वरुडचा इतिहास सांगा. मी म्हटलं, ते माझ्या आवाक्यातलं काम नाही. मला चुंगी नाक्यापलीकडचं, म्हणजे जकात नाक्यापलीकडचं, सांगता येईल. शेंदूरजनाघाटच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंनी जी दुकानं, नर्सऱ्या आणि प्लॉटचे लेआऊट सुरू होतात, तेवढंच. मी तिथं राहतो. आणि तिथं एकही घर नव्हतं तेव्हा माझे वडील रोज सकाळी त्याच वावरांत डोळे बांधायला जायचे.

पुढच्या रांगेतल्या दोन मुली हसल्या. डोळे बांधणं म्हणजे त्यांना आंधळी कोशिंबीर वाटली असावी. मग आधी तेच सांगून टाकतो, कारण ते कळलं नाही तर त्या रस्त्यावरचं एकही दुकान कळणार नाही.

संत्र्याचं झाड आपण संत्र्याच्या बीपासून लावत नाही. खाली जंभेरी असते. जंभेरी म्हणजे खडबडीत सालीचं, आंबटढाण लिंबू. कोणी ते आवडीनं खात नाही, पण त्याचं मूळ दणकट. फळ पिकलं की बी काढायचं आणि ओलं आहे तोवर वाफ्यात टाकायचं, वाळलं की त्याचा दम जातो. एका बीतून कधी दोन, कधी तीन रोपं निघतात. त्यातली वेगळ्या तोंडवळ्याची उपटून फेकायची. उरलेली पावसाळ्यात मोठ्या वाफ्यात लावायची. खोड पेन्सिलीएवढं झालं की दिवाळीनंतर, थंडीत, जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या डोळकाडीवरचा एक डोळा, म्हणजे कोंबाची गाठ, सालीसकट काढून त्या चिरेत सरकवायचा आणि पट्टी गुंडाळायची. पंधरा-वीस दिवसांनी पट्टी सोडून पाहायचं. डोळा हिरवा असेल तर लागला, तपकिरी पडला तर मेला. लागलेल्या रोपाचा वरचा जंभेरीचा शेंडा छाटला की सगळी ताकद त्या एका डोळ्यात जाते आणि पुढल्या पावसाळ्यात कलम विकायला तयार. बी टाकल्यापासून दीड वर्षाच्या वर जातं.

वडील पुढे चाकू घेऊन उकिडवे सरकायचे आणि मागे आई पट्टी गुंडाळत यायची. मजुरी शेकड्यानं. पट्टी आधी केळीच्या सोपाची असायची, मग प्लास्टिकची आली. डोळा उलटा बसता कामा नये यावर वडिलांचा फार कटाक्ष. म्हणायचे, "डोळा उलटा लागला तं झाडानं वर पाहाव का खाली, हे त्याले कोन सांगन?"

आता इतिहास. संत्रं मूळ आपलं नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी, एकोणिसाव्याच्या तोंडाशी नागपूरकर भोसल्यांनी, दुसऱ्या रघुजींनी, ते नागपुरात आणून लावलं असं परंपरेनं सांगतात. राजाच्या बागेतलं फळ. तिथून ते काटोल-नरखेडकडे सरकलं आणि वर्धा नदी ओलांडून आपल्याकडे आलं. त्या काळी वर्धा नदी ही नुसती नदी नव्हती, सरहद्द होती. पलीकडे भोसल्यांचं नागपूर, अलीकडे आपला, निजामाचा वऱ्हाड. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पुढे पन्नास-साठ वर्षं इथं कापसाशिवाय कोणाला काही सुचत नव्हतं. अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून १८६१ ते १८६५ या वर्षांत वऱ्हाडच्या पऱ्हाटीला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली ती या कापसासाठीच. आपला वरुड-मोर्शीचा पट्टा मात्र सातपुड्याच्या पायथ्याशी, रेल्वेपासून लांब. विहिरीला गोड पाणी, निचऱ्याची जमीन, आणि माल बंडीवर न्यायचा. अशा जागी जे पीक रुजलं ते झाडाचं रुजलं.

वरुड-मोर्शीला आपण विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणवून घेतो. कॅलिफोर्नियातले लोक स्वतःला अमेरिकेचं वरुड म्हणत असतील असं काही मला वाटत नाही, पण असो.

माझं म्हणणं एवढंच आहे की नाक्यापलीकडची वस्ती संत्र्याच्या फळावर उभी राहिलेली नाही, ती कलमेवर उभी राहिली. हे जरा सांगायला पाहिजे, कारण बाहेरचा माणूस आला की तो संत्र्याची मंडी बघतो, ट्रक बघतो आणि म्हणतो, वा, संत्र्यानं पैसा आणला. फळाचा पैसा कसा येतो बघा. व्यापारी बगीचा बघायला येतो, झाडावरचाच बहार उक्ता घेतो, इसार देतो, तोडाई त्याची, कॅरेट त्याचे, ट्रक त्याचा. माल दिल्लीला, कोलकात्याला, एके काळी भरभरून बांगलादेशात. शेतकऱ्याच्या हातात पैसा एकदम येतो, आणि तो जातो लग्नात, बोअरमध्ये, पोराच्या अमरावती-नागपूरच्या शिक्षणात. तो रस्त्यावर उतरत नाही. बांगलादेशानं आयातशुल्क वाढवत नेलं तेव्हा आपल्या बगीच्यांत रडारड झाली, पण नाक्यावरच्या चहाच्या दुकानाला त्याची झळ लगेच लागली नव्हती.

कलमेचं गिऱ्हाईक वेगळं असतं. ते स्वतः येतं. मृगाचा पाऊस पडला की जूनपासून सप्टेंबरपर्यंत माणसं येतात. मुलताई-पांढुर्ण्याची, छिंदवाड्याची, मराठवाड्याची, आगर-माळव्याची, आणि थेट राजस्थानच्या झालावाडची. झालावाडला आज जो संत्र्याचा पट्टा आहे तो आपल्याच नागपुरी जातीचा. आता त्यांचा माल दिल्लीच्या बाजारात आपल्या मालाशी भाव करतो. घरी शिकवलेलं पोट्टं शेजारी दुकान थाटून बसावं तसं. पण दुकान थाटायला सामान आपणच विकलं, तेव्हा तक्रार कोणाकडे करायची?

तर हा माणूस आला की तो लगेच जात नाही. चार पन्हेऱ्या, म्हणजे रोपांच्या नर्सऱ्या, फिरतो, भाव काढतो, पाऊस लागला म्हणून थांबतो, गाडी भरेपर्यंत थांबतो. त्याला जेवायला पाहिजे, झोपायला पाहिजे. नाक्यापलीकडचं पहिलं दुकान होतं चहाचं. कुडाची भिंत, वर टिन. त्या माणसानं दोन बाकांवरून दहा बाकं केली, मग सकाळी तर्री-पोहे आणि दुपारी झुणका-भाकर ठेवली. मागे एक लांब पडवी काढली, तिथं गिऱ्हाईक फुकट झोपायचं, अट एकच, चहा इथंच प्यायचा. लॉजचा धंदा पुढे आला, पण लॉजची कल्पना त्या पडवीतली.

दुसरं दुकान बारदानाचं. कलम न्यायच्या दोन रीती. एक, मातीच्या हुंडीसकट, म्हणजे मुळांभोवतीच्या गोळ्यासकट, गवतात आणि बारदानाच्या तुकड्यात बांधून. दुसरी, उघड्या मुळांची, मुळं मातीच्या काल्यात बुडवून, शंभर-शंभराच्या जुड्या करून ओल्या गवतात गुंडाळायची. लांबच्या गिऱ्हाइकाला दुसरी परवडते, वजन कमी. दोन्हींना सुतळी लागते, बारदान लागतं, गवत लागतं. गवत विकणाऱ्या बाया डोंगराच्या बाजूच्या गावांतून भारे घेऊन यायच्या. त्यांचा म्हणून एक बाजार रस्त्याच्या कडेला दोन महिने भरायचा. त्याची नोंद कोणत्याही कागदावर सापडणार नाही, कारण त्याला कधी चुंगी लागली नाही.

नंतर सायकल दुरुस्ती, नंतर चाकू-कात्रीला धार लावणारा, मग पानठेला, मग कृषी केंद्र. कृषी केंद्र म्हणजे खत, औषध, बियाणं. पण आमच्या नाक्यावर ते उधारीचं, भांडणाचं आणि सोयरिकीचंही केंद्र होतं. कोळशी आली तेव्हा त्या दुकानासमोर माणसं रांगेत उभी होती. कोळशी म्हणजे काय हे शहरातल्या पाहुण्यांसाठी सांगतो. काळी माशी पानांतला रस शोषते, तिच्या चिकट विष्ठेवर काळी बुरशी वाढते आणि अख्खा बगीचा काजळी धरल्यासारखा दिसतो.

आता दोन सरकारी गोष्टी, कारण त्यांच्याशिवाय ही वस्ती एवढी फुगली नसती. १९६९ मध्ये महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांचा कायदा झाला. परवाना काढा, खुंट म्हणजे खालचं रोप कुठलं आणि डोळा कोणत्या झाडाचा याची नोंदवही ठेवा. त्यामुळे झालं असं की ज्यांच्याकडे परवाना त्यांनी रस्त्यावर बोर्ड लावला, आणि ज्यांच्याकडे नव्हता तेही बोर्डवाल्याच्या शेजारी येऊन बसले. दुसरी गोष्ट १९९० ची. रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली गेली. कोरडवाहू शेतकऱ्याला सरकारी मदतीवर झाड लावता येऊ लागलं आणि महाराष्ट्रभर कलमांना एवढी मागणी आली की शेंदूरजनाघाटला ज्याच्याकडे अर्धा एकर ओलिताचं होतं त्यानं तूर मोडून जंभेरी टाकली. पूर्वीच्या १८ बाय १८ फुटांच्या लागवडीला एकरी १३४ कलमं लागतात. एका गावातल्या वीस जणांनी एकेक एकर लावायचं ठरवलं तरी अडीच हजारांच्या वर झाली. मग त्या काळात नाक्यावर एसटीडी-पीसीओचे तीन काचेचे खोके उभे राहिले. नर्सरीवाले तिथून बीडला, औरंगाबादला, इंदूरला फोन लावायचे आणि बाहेर उभे असलेले बाकीचे नर्सरीवाले कान देऊन भाव ऐकायचे. आत बोलणारा दार लावून घ्यायचा, तरी ऐकू यायचं. आमच्याकडचे लोक फोनवर ओरडूनच बोलतात.

आता मला जी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती. कापड घेताना तुम्ही पोत बघता, भांडं घेताना वाजवून बघता. कलम घेताना काय बघणार? जमिनीतून वर आलेली कांडी आणि चार पानं. ती संत्रं आहे की नाही हे पाच-सहा वर्षांनी कळणार. तोवर तुम्ही खड्डे खणले, शेणखत घातलं, उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी घातलं. म्हणून हा सगळा धंदा माणसाच्या नावावर चालायचा. बोर्डावर नर्सरीचं नाव देवाचं असलं तरी गिऱ्हाईक विचारायचं ते डोळे कोणी बांधले.

आणि फसगत व्हायची. डोळा मरतो, शेंडा छाटलेला असतो, मग जंभेरीच खालून नवा फुटवा काढते. घाईत, पावसात, हजारांच्या जुड्या बांधताना तो फुटवा संत्र्याचा समजून जातो. कधी चुकून जातो, कधी मुद्दाम.

मी सातवी-आठवीत असेन. डिसेंबरचे दिवस. मुलताईकडचा एक शेतकरी एसटीनं उतरला, खांद्यावर पोतं. वडील ज्यांच्याकडे कामाला होते त्यांच्या पन्हेरीत आला, पोतं उघडून त्यानं मालकासमोर जमिनीवर ओतलं. पिवळी, खडबडीत, हाताएवढी जंभेरी. एक शब्द बोलला नाही. मालकानं बघितलं, वडिलांनी बघितलं. सहा वर्षांपूर्वी ह्याच वाफ्यांतून गेलेली कलमं. वडिलांच्या चेहऱ्याचा रंग उतरलेला मला अजून आठवतो, कारण ते डोळे त्यांनी बांधले होते. मालकानं चहा मागवला. जेवढी झाडं जंभेरी निघाली तेवढी कलमं पुढच्या पावसाळ्यात फुकट देतो म्हणाला. त्या माणसानं चहा घेतला आणि विचारलं, "कलमा देजान. सहा वरीस कुठून देजान?"

तो गेला. पोतं तिथंच पडलं होतं. संध्याकाळी वडील आणि मी बसून ती सगळी फळं कापली, बी काढलं, राखेत चोळून धुतलं आणि दुसऱ्या दिवशी वाफ्यात टाकलं. वडील म्हणाले, बी चांगलं आहे, भरलेलं आहे. धंदा असा असतो. ज्या फळानं नाक कापलं त्याच्याच बीची पुढची पन्हेरी.

तर आता लेआऊट. नर्सरीची जागा लेआऊटनं खाल्ली असं आपण सगळेच हळहळून म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. पन्हेरी एका वावरात जन्मभर राहत नाही. वर्षानुवर्षं त्याच मातीत जंभेरी, तेच भरमसाट पाणी, म्हणजे फायटोप्थोरा नावाच्या बुरशीला आमंत्रण. मुळं कुजतात, खोडातून डिंक येतो, आणि तो रोग कलमेबरोबर गिऱ्हाइकाच्या बगीच्यात जातो. नागपूरला १९८५ मध्ये लिंबूवर्गीय फळांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झालं, आता ती केंद्रीय संस्था आहे. तिथले शास्त्रज्ञ कानीकपाळी ओरडून सांगतात की जमिनीवरच्या वाफ्यात रोपं करू नका, उन्हानं तापवून निर्जंतुक केलेली माती पिशवीत भरा, जाळीच्या घरात वाढवा. काहींनी केलं. बऱ्याच जणांनी सोपा उपाय काढला. वावर थकलं की पन्हेरी उचलून आणखी लांब, ताज्या वावरात न्यायची. त्यात हुंडीवाल्या कलमा विकल्या म्हणजे दरसाल वरची माती ट्रकमध्ये बसून परगावी जाते. मागे राहतं ते नाक्याला लागून असलेलं, रोगट, खाली गेलेलं रान. सोयाबीन टाकलं तर पिकेल, पण तोवर प्लॉटवाला दारात उभा असतो. एन.ए. होतं, म्हणजे जमीन बिगरशेती होते, चुन्याच्या रेघा पडतात, सिमेंटचे खांब लागतात. आमच्या घराचा पाया खणताना जंभेरीचे कुजलेले खुंट निघाले होते, ओळीनं. बायको म्हणाली, वास्तुशांतीच्या आधी यांची शांती करा.

पाण्याचं मी लांबवत नाही, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. वरुड-मोर्शीचं भूजल उपशाच्या मानानं केव्हाच तुटीत गेलं. विहिरी संपल्या, बोअर आले, बोअर हजार फुटांच्या गोष्टी करू लागले. नाक्यावर या काळात वाढलेलं दुकान कुठलं म्हणाल तर बोअरवेलवाल्याचं ऑफिस आणि त्याच्या शेजारी मोटर रिवाइंडिंग. एप्रिल-मेमध्ये रिवाइंडिंगवाल्याला जेवायला सवड नसते.

आणि आता त्याच रस्त्यावर एक नवी जात आलीय. शोभेच्या झाडांच्या नर्सऱ्या. लेआऊटमध्ये घरं झाली, घरांना कंपाउंड झालं, कंपाउंडमध्ये लोकांना गुलाब पाहिजे, बोगनवेल पाहिजे, आत ठेवायला मनी प्लांट पाहिजे. मी एका नर्सरीत गेलो. मालक मुलगा ओळखीचा, त्याचा आजा माझ्या वडिलांच्या बरोबरीचा डोळे बांधणारा. विचारलं, हे गुलाब कुठले? म्हणाला, काका, आंध्रातून, कडियमहून ट्रक येतो. गोदावरीकाठचं कडियम, शोभेच्या रोपांचं देशातलं मोठं ठाणं. म्हणजे आपल्या ज्या गावानं अर्ध्या देशाला झाडं दिली तिथं गुलाब पाहुणा म्हणून येतो. मी म्हटलं, अरे गुलाबालाही डोळाच बांधतात, तुझ्या घरात ही कला आहे, इथंच कर ना. तो म्हणाला, "काका, बांधन कोन? आज्याचा चाकू हाय, पन हात नाही." मला वाईट वाटलं हे खरं. पण कडियमच्या गुलाबावर त्याचं घर चालतं आहे, त्याची दोन पोरं शाळेत आहेत, तेव्हा मी उपदेश न करता एक तुळस घेऊन परत आलो. तुळशीचे पैसे त्यानं घेतले नाहीत. बाकी प्लास्टिकच्या कुंड्यांचे भाव तिथं असे आहेत की कुंडीपेक्षा झाड स्वस्त, यावर मी नंतर कधी तरी वेगळं बोलेन.

रेल्वे आली, तिचंही सांगायला हवं. नरखेड-अमरावती मार्ग झाला आणि आपल्या स्टेशनाला वरुड ऑरेंज सिटी असं नाव मिळालं. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दोन्हींचा आनंद आहे. पण कलमेचं गिऱ्हाईक अजून पिकअप घेऊन रस्त्यानंच येतं, कारण कलमेला पाणी मारायला वाटेत थांबावं लागतं.

वेळ झाली, मला दिसतंय. त्या काकांचा हात वर आहे. हं, बोला.

(श्रोत्यांमधून प्रश्न : मुलताईचा तो माणूस परत आला का?)

आला ना. पुढच्याच जुलैत आला. मालकानं कबूल केल्याप्रमाणे दोनशे कलमं बाजूला काढून ठेवली होती. त्यानं जुडी बांधू दिली नाही. वडिलांना म्हणाला, मला ओळखायला शिकव. वडिलांनी त्याला एक जंभेरीचं पान चुरगाळून दिलं आणि एक संत्र्याचं. जंभेरीला लिंबाचा उग्र वास येतो, संत्र्याच्या पानाचा वास वेगळा, गोडसर. मग तो वाफ्याच्या बांधावर बसला आणि दोनशेच्या दोनशे कलमांचं एकेक पान तोडून, चुरगाळून, हुंगून त्यानं ती बाजूला ठेवली. सकाळी बसला तो दिवे लागेपर्यंत. मध्ये पाऊस आला, तर डोक्यावर घोंगडी घेतली. दोन कलमं त्यानं परत केली. वडिलांनी हुंगून पाहिली, दोन्ही जंभेरी होत्या.

रात्री चहावाल्याच्या पडवीत जेवायला बसला. भाकरीचा तुकडा तोंडाजवळ नेला आणि थांबला. हात तीनदा धुतले होते, राखेनं चोळले होते, तरी बोटांचा वास गेला नव्हता. मग चहावाल्यानं त्याला चमचा आणून दिला.